खाकरमामा आणि अकरा चिंकारे

खाकरमामा कुठल्याही दारातून मुकाट्याने आत जात नसत. आधी घसा खाकरत: दोनदा तोकडे, एकदा लांब. मग क्षणभर थांबत आणि मगच पाऊल उचलत. स्वयंपाकघराचे दार असो, साहेबांची केबिन असो की मुलीच्या शाळेतली पालकसभा असो, तेच. एकदा गावाहून परत आल्यावर स्वतःच्याच बंद घराचे कुलूप काढून ते उंबऱ्याशी खाकरले होते. मागे पिशव्या घेऊन मामी उभ्या होत्या.

"आत कोण आहे?" मामींनी विचारले.

"कोणी नाही."

"मग कुणाला सांगताय?"

 मामांनी पिशव्या घेतल्या आणि ते आत गेले.

मामा सव्वीस वर्षे प्राणिसंग्रहालयात चिंकाऱ्यांच्या आवाराची देखभाल करत होते. चिंकारा म्हणजे काळविटाच्या घराण्यातले धाकट्या पातीचे जनावर. उंची माणसाच्या मांडीपर्यंत, रंग वाळल्या गवताचा, पाय इतके बारीक की एवढे अंग त्यांवर उभे कसे राहते हा प्रश्न पडावा. डोळ्यांपासून नाकापर्यंत दोन गडद रेघा उतरतात, जणू कधीतरी खूप रडून ते रडणे तिथेच वाळले आहे. पण काळी आखूड शेपटी बघावी तर ती सारखी नाचत असते. चेहरा एक सांगतो, शेपूट दुसरेच. मामा शेपटीवर विश्वास ठेवत.

बघायला येणाऱ्यांपैकी निम्मे लोक त्यांना बकऱ्या म्हणत. मामा कुंपणाशी जाऊन शांतपणे सांगत, "बकरी नाही. चिंकारा."

"पण दिसते बकरीसारखीच," एक गृहस्थ अडून बसले होते.

"तुम्हीही कुणासारखे तरी दिसता," मामा म्हणाले. "मी काही बोललो का?"

धोक्याची चाहूल लागली की चिंकारा पुढचा पाय जमिनीवर आपटतो आणि नाकातून शिंकल्यासारखा आवाज काढतो. त्या शिंकेवरूनच त्याचे नाव पडले, असे मामांना जुन्या माणसांनी सांगितले होते. मामींचे यावर एक ठरलेले वाक्य होते. "ती शिंकतात, हे खाकरतात. प्राणिसंग्रहालय कसलं, सर्दीचा वॉर्ड आहे तो."

खाकरण्याची सुरुवात नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात झाली. त्याआधी मामा बागखात्यात होते. तिथली सवय म्हणून, आणि इतक्या नाजूक जनावरांना त्रास नको म्हणून, ते कापडी बूट घालून आवाज न करता फाटकातून आत गेले. सहा पावले गेले असतील. एका मादीने मान वळवली, आणि जवळच अचानक एक माणूस उगवलेला पाहून ती जी सुटली ती सरळ तारेच्या कुंपणावर. शिंग मुळापासून मोडले. मामा जागच्या जागी थिजले. त्या वेळी आवाराचे काम एका म्हाताऱ्याकडे होते, सगळे त्याला बाबा म्हणत. बाबाने रक्त पुसले, औषध लावले आणि मगच तोंड उघडले.

"गुपचूप कोण येतो?"

मामांनी आपल्या कापडी बुटांकडे पाहिले.

"चोर येतो. बिबट्या येतो. तू कोण?"

दुसऱ्या दिवसापासून मामा फाटकाशी खाकरू लागले. का कोण जाणे, दोन तोकडी आणि एक लांब अशी चाल आपोआप बसली. खाकरल्यावर चाऱ्याचे टोपले येते, हे चिंकाऱ्यांना महिनाभरात कळले. मग ते आवाजासरशी माना वर करू लागले, पुढे येऊ लागले. बाबा निवृत्त झाला. शिंग मोडलेली मादी म्हातारी होऊन गेली. तिची मुले, मुलांची मुले आली, आणि ती सगळी जन्मल्यापासून तो आवाज ऐकत वाढली.

मामांची आणि कळपाची ओळख अशी होती. घरातल्यांना मात्र त्याची शिक्षा झाली. मामी शिवणकाम करत, शाळांचे गणवेश शिवत. दाराशी खाकरणे ऐकू आले की शिलाई मशीनवरची मान वर न करता त्या तसेच्या तसे खाकरून दाखवत. दोन तोकडे, एक लांब. इतके हुबेहूब की लेक लहान असताना फसायची. "बाबा आले" म्हणून धावत यायची आणि आईला एकटीला हसताना बघून रुसायची. मामांना जेवायला बोलवायचे तर मामी हाक मारत नसत, खाकरत. चष्मा सापडत नसेल तर खाकरत. भांडण झाले की विशेष खाकरत.

"लग्न केलं तेव्हा चांगला बोलणारा माणूस होता," त्या शेजारणीला सांगत. "दोन वर्षांनी जनावरं लागली."

लग्नाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी मामांचा घसा बसला तो उठेना. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून पाहिले. आवाजाच्या पडद्यावर बारीक गाठ होती. साधीच, काळजीची नव्हती, पण काढायला हवी होती. मामांनी तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसऱ्यांदा मामी स्वतः बरोबर गेल्या आणि डॉक्टरांसमोर खुर्चीत बसून राहिल्या.

"नंतर तीन आठवडे संपूर्ण मौन," डॉक्टर म्हणाले. "बोलायचं नाही, कुजबुजायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, खाकरायचं तर अजिबात नाही. ताज्या जखमेवर घण घातल्यासारखं होईल."

मामींनी मामांकडे पाहिले. मामांनी जमिनीकडे.

बुधवारी शस्त्रक्रिया झाली. मुलीची जुनी पाटी माळ्यावरून खाली आली, खडू आला. मामा पाटीवर लिहू लागले. पहिल्या दिवशी लिहिले, "चारा वेळेवर घातला का विचार." दुसऱ्या दिवशीही तेच. मामींनी वैतागून ते वाक्य एका कोपऱ्यात पक्के लिहून ठेवले, म्हणजे नुसते बोट दाखवले की झाले.

सोमवारी साहेबांनी मामांना बोलावून घेतले. जुन्या आवाराच्या जागी पाण्याची मोठी टाकी व्हायची होती. चिंकाऱ्यांसाठी दुसऱ्या टोकाला तिप्पट मोठे नवे आवार तयार होते. मधे दोनशे पावलांची वाट. कळपाला पकडायचे नाही, चालवत न्यायचे, हा हट्ट मामांचाच. त्यासाठी वाटेच्या दोन्ही अंगांना बांबू रोवून हिरव्या कापडाच्या भिंती उभारल्या होत्या, कारण आरपार दिसले नाही की चिंकारा बुजत नाही आणि कापडाला भिंत समजतो. ते सगळे कापड मामींनीच मशीनवर जोडून दिले होते, "माझ्या सवतींसाठी मांडव" असे म्हणत. मामा महिन्याभराने कामावर येणार, मग सावकाश सुरू करायचे, असे ठरले होते.

"खोदणारं यंत्र पुढच्या सोमवारी येतंय," साहेब म्हणाले. "माझ्या हातात नाही. शनिवारपर्यंत चालत गेली तर गेली. नाहीतर रविवारी जाळी लावू."

मामांनी पाटीवर लिहिले, "जाळी नको."

"मलाही नकोय, मामा."

जाळी म्हणजे काय ते दोघांनाही माहीत होते. बारा वर्षांपूर्वी चार चिंकारे जाळ्यात धरून दुसऱ्या गावी पाठवले होते. गाडीतून उतरताना चारही धडधाकट. त्यातले दोन चौथ्या दिवशी बसल्या जागी गेले. अंगावर ओरखडा नाही. धसक्याने स्नायू आतून विरघळतात, असे प्राण्यांच्या डॉक्टरीणबाई सांगत. इथे तर अकरा जनावरे होती, त्यात दीड महिन्याचे एक पिल्लू.

दुसऱ्या दिवशी पक्षी विभागातला पोपटवाला मदतीला आला. गडी पन्नाशीचा, उत्साही. त्याने वाटेच्या तोंडाशी चाऱ्याचे टोपले ठेवले आणि जोरात खाकरला. अकरा शेपट्या थांबल्या. एक पाय आपटला, मग दुसरा, मग सगळ्या आवारात शिंकांची माळ लागली आणि कळप लांबच्या कोपऱ्यात जाऊन उभा राहिला.

"माझे पोपट बरे," तो म्हणाला. "निदान उलटून बोलतात तरी."

बुधवारी डॉक्टरीणबाईंनी मामांच्या लेकीकडून मोबाइलवर एक जुनी चित्रफीत मागवली. तिच्या वाढदिवसाच्या गडबडीत मामा मागे कुठेतरी खाकरले होते. तो तुकडा त्यांनी कर्ण्यावर लावला. कान टवकारले गेले. मोठीबाई, म्हणजे कळपातली सगळ्यात वयस्क मादी, दहा पावले पुढे आली. पण खाकरण्यापाठोपाठ कर्ण्यातून "केक कापा केक" असा गलकाही आला आणि मोठीबाई उड्या मारत परत गेली.

गुरुवारी मामा स्वतः गेले. खाकरायचे नाही, नुसते उभे राहायचे. शेवटी सव्वीस वर्षे याच फाटकातून आत येणारा माणूस तो. त्यांनी नेहमीचा सदरा घातला, नेहमीचे टोपले घेतले. फाटक उघडले आणि तसेच थांबले, चेहरा उन्हात नीट दिसेल असे.

मोठीबाईने मान वर केली. मामांकडे पाहिले. मग पुढचा पाय उचलून आपटला आणि ती शिंकली.

मामा एकेक पाऊल मागे घेत बाहेर आले. फाटक लावले.

घरी आल्यावर ते पाटी घेऊन मशीनशेजारी बसले. मामींनी मशीन थांबवले. मामांनी लिहिले, "ओळखलं नाही."

"कुणी?"

त्यांनी ते पुसले आणि लिहिले, "मोठीबाईने."

  ज्यांना आपण इतकी वर्षे पाहत आलो, त्यांनी आपल्याला कधी पाहिलेच नव्हते, नुसते ऐकले होते. असे काही कळल्यावर माणसाला काय म्हणायचे असते? मामींनी दुधाचा पेला पुढे केला आणि म्हणाल्या, "दवाखान्याचा वास येत असेल अंगाला. मला पण येतोय."

शुक्रवारी दुपारी मामी डबा घेऊन गेल्या. मामांना अजून पातळ आणि गारच खायचे होते आणि सकाळी ते तसेच उपाशी निघून गेले होते. मामी हिरव्या कापडाच्या वाटेशी पोचल्या. मामा कुठे दिसेनात. चारी बाजूंना कापडच कापड, स्वतःच शिवलेले. हाक मारायची सोय नव्हती, कारण आवाराजवळ ओरडायचे नाही अशी पाटी होती. आणि हाक मारली तरी मामा ओ देणार नव्हते. तेव्हा मामींनी सव्वीस वर्षे संसारात जे रोज केले होते तेच केले.

त्या खाकरल्या. दोनदा तोकडे, एकदा लांब.

कापडाच्या पलीकडे खुरांचा बारीक आवाज झाला. मामींना वाटले, वारा. त्या वैतागून पुन्हा खाकरल्या.

वाटेच्या दुसऱ्या टोकाला डॉक्टरीणबाई वही घेऊन बसल्या होत्या. त्यांनी पाहिले ते असे: अकरा माना एकदम वर झाल्या, अकरा शेपट्या नाचू लागल्या आणि मोठीबाई वाटेच्या तोंडाशी येऊन उभी राहिली, जेवणाची घंटा झाल्यावर दाराशी यावी तशी.

डॉक्टरीणबाई चवड्यांवर चालत मामींपर्यंत आल्या. "मामी, परत करा."

"काय?"

"आत्ता केलंत ते."

मामी लाजेने लाल झाल्या. "अहो, ते आमचं घरातलं आहे."

मामा कापडाच्या फटीतून बाहेर आले होते. त्यांच्या हातात पाटी होती. त्यांनी लिहिले, "उद्या चालशील?"

"मी? मांजर आडवं आलं तर मी रस्ता बदलते. शकुनासाठी नाही, भीतीनं."

मामांनी "जाळी" एवढा एकच शब्द लिहिला आणि पाटी समोर धरली.

मामी डब्याच्या झाकणाशी खेळत राहिल्या. मग म्हणाल्या, "चालेन. पण तुमचे ते बूट घालणार नाही. आणि आधी जेवा."

शनिवारी सकाळी सात वाजता मामी वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. अंगात मामांचा सदरा, कडेवर हरभऱ्याचे टोपले. कळप समोर ठेवून त्यांना उलट्या पावली चालायचे होते. म्हणून मामा त्यांच्या मागे, कोपर धरून. एकदा दाबले की थांब, दोनदा दाबले की चल. कळपाच्या मागे कोणी जायचे नाही, हाकायचे नाही. साहेब, पोपटवाला आणि डॉक्टरीणबाई नव्या आवाराच्या पलीकडे जाऊन श्वास रोखून बसले.

मामी खाकरल्या. मोठीबाईने वाटेत पाय घातला.

एका वेळी चार-पाच पावले. मूठभर हरभरे खाली टाकायचे, मागे सरायचे, खाकरायचे, थांबायचे. मधेच एखादे कापड फडफडले की सगळी थबकत. मामीही थबकत. मामा कोपर दाबून धरत. पहिल्या पन्नास पावलांत मामींचे डोळे मिटलेलेच होते. नंतर त्यांनी ते उघडले आणि समोर, हाताच्या अंतरावर, ओले काळे नाक आणि भल्या मोठ्या पापण्या दिसल्या.

"अगंबाई," त्या पुटपुटल्या. "एवढ्याशा तोंडाला एवढे डोळे कशाला?"

दीडशे पावलांवर काय बिनसले कोण जाणे, मोठीबाई थांबली. बाकीची दहा जनावरे तिच्या आणि मामामामींच्या बाजूने वाट काढत पुढे गेली, पिल्लू आईच्या पोटाखालून. नवे आवार समोर उघडे होते. एकेक करून दहाही आत शिरली. मोठीबाई वाटेत एकटी, मागे वळून जुन्या फाटकाकडे बघत.

मामी खाकरल्या. पण पाऊण तास खाकरून घसा कोरडा पडला होता. आवाज फाटला आणि खरोखरीचा खोकला लागला. मोठीबाई चार पावले मागे सरली. मामींनी पदर तोंडावर दाबला. मामा आपोआप पुढे झुकले, त्यांची छाती भरली, घसा ताणला गेला. मामींनी झटकन वळून त्यांच्या तोंडावर हात ठेवला.

"खबरदार."

वाटेत काहीच हलत नव्हते. मामींच्या घशातून आता काही निघण्यासारखे नव्हते. तेव्हा त्या मोठीबाईकडे वळल्या आणि बारीक आवाजात, खाकरूनही मामा आले नाहीत की स्वयंपाकघरातून जसे विचारत तसे, त्यांनी विचारले, "येणार आहेस की ताट तिथं आणून देऊ?"

मामांचे खांदे हलू लागले. आवाज नाही, नुसते हसणे. गळा दोन्ही हातांनी धरून ते हसत होते.

मोठीबाईने त्या दोघांकडे पाहिले. मग मान खाली घालून, हरभरे टिपत, ती त्यांच्या अगदी शेजारून निघून गेली. पुढे गेलेली दहा दिसेनाशी झाली म्हणून एकटेपणाने ती आली, असे डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिले आहे. मामींचे मत वेगळे आहे.

फाटक लागले. क्षणभर कळप एकमेकांना खेटून उभा राहिला. मग त्या पिल्लाला मोकळी जागा दिसली. चारही पाय ताठ करून ते जागच्या जागी उसळले, जणू जमिनीनेच त्याला वर टाकले. पुन्हा उसळले. मग त्याची आई उसळली, मग एक नर, मग सगळीच. गवताच्या रंगाची अकरा जनावरे उन्हात वर-खाली होत होती आणि मोठीबाईसुद्धा, वय विसरून, एकदा उसळली.

"झालं?" मामींनी विचारले. "आता मी कुठे बसू?" आणि त्या तिथेच मातीत बसल्या.

दीडेक आठवड्याने मामांचे मौन सुटले. आवाज पातळ आणि स्वच्छ आला होता, पंचविशीतल्या माणसासारखा. लेकीने फोनवर विचारले, "कोण बोलतंय?" मामा खूश होऊन आवारावर गेले, फाटकाशी थांबले आणि डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे हळूच खाकरले.

घरी आले तेव्हा मामी बाही जोडत होत्या.

"शिंकली," मामा म्हणाले.

मशीन थांबले. "कसे खाकरलात? करा बघू."

मामा खाकरले. मामींनी मान हलवली. "हे कुठलं? हा तर कोणी पाहुणा आला. दुसरं तोकडं तुम्ही गिळताय. आणि लांब जे आहे ते वरून खाली येतं, खालून वर नाही. असं."

त्या खाकरल्या. मामा ऐकत राहिले.

"मी असा खाकरायचो?"

"सव्वीस वर्षं. तुम्ही कधी ऐकलंय स्वतःला?"

त्यानंतर आठ दिवस दोघे सकाळी बरोबर जात. घशाच्या डॉक्टरांनी दिवसाला दहा इतकीच मुभा दिली होती, तीही कपाळाला हात लावून. आधी मामी खाकरत, पाठोपाठ मामा. कळप एक कान इकडे, एक कान तिकडे करून ऐकत राही. नवव्या दिवशी मामी कापडाआड उभ्या राहिल्या, सवयीने घसा वाजू नये म्हणून तोंडावर हात ठेवून. मामा एकटे फाटकाशी गेले.

दोन तोकडी, एक लांब.

मोठीबाईने पुढचा पाय उचलला. उचललेलाच ठेवला. मग तो अलगद खाली टेकवला आणि ती टोपल्याकडे चालू लागली. शेपूट नाचत होती.

मामी तशाच घरी परतल्या, शिवण राहिले होते. तासाभराने दाराबाहेर खाकरणे ऐकू आले आणि मग नेहमीचा तो क्षणभराचा थांबा.

"ओळखलं," मामी मशीनवरची मान वर न करता म्हणाल्या. "या आत."